सोनार, सुई आणि सेफ्टी पिन

विद्यार्थिनींनो, आणि विद्यार्थ्यांनो सुद्धा, कारण हल्ली हा विषय फक्त मुलींचा राहिलेला नाही. चतुर्थीची किंवा मे महिन्याची सुटी संपून शाळा भरली की वर्गात काही कान लाल झालेले दिसतात. कुणाच्या कानाच्या पाळीला दुसरे भोक पडलेले असते, कुणाच्या कानाच्या वरच्या कडेला बारीक खडा चमकत असतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "बाई, घरीच टोचले." कुणी? "मीच," नाहीतर "मैत्रिणीने." कशाने? इथे आवाज खाली जातो. सेफ्टी पिन, शिवणाची सुई, कधी जुन्याच कुडीची अणकुचीदार दांडी.

दागिन्याची हौस असणे यात वावगे काही नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ती आपल्यापेक्षा जास्त होती. गणवेशाचे नियम काय म्हणतात हाही आजचा मुद्दा नव्हे, तो वर्गशिक्षक पाहतीलच. आजचा मुद्दा असा, की घरच्या घरी कान टोचताना नेमके काय होते हे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या माहितीवरूनच समजून घ्यायचे.

"सोनाराने कान टोचले" ही म्हण तुम्ही मराठीच्या तासाला शिकलात. घरच्यांनी दहा वेळा सांगून पटत नाही, तीच गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली की पटते, असा अर्थ आपण लिहितो आणि गुण मिळवतो. पण कान टोचायला सोनारच का? न्हावी का नाही, शिंपी का नाही? सुई तर शिंप्याकडेही असते.

पेडणे, डिचोली, साखळी या भागांत सोनाराला आपण शेट म्हणतो. बाळाच्या बारशाच्या सुमारास शेटला घरी बोलावण्याची किंवा बाळाला त्याच्या दुकानात नेण्याची पद्धत घरोघरी होती आणि अजूनही आहे. शेट काय करतो ते नीट आठवून पाहा, नाहीतर आजीला विचारा. तो सोन्याची बारीक तार घेतो, तिचे टोक अणकुचीदार करतो, त्याच तारेने कानाची पाळी टोचतो आणि तीच तार वळवून तिचे कडे करून टाकतो. म्हणजे सुई आणि दागिना एकच. टोचायची वस्तू वेगळी, मग ती काढून घालायची वस्तू वेगळी, असा प्रकार नाही. ताज्या जखमेत दुसरी कोणतीही वस्तू जात नाही. शिवाय तार त्या बाळाच्याच कानात राहते, त्यामुळे एकाच्या रक्ताची तार दुसऱ्याच्या कानात जायचा प्रश्न येत नाही. सोने गंजत नाही आणि चांगल्या सोन्याने कातडीला सहसा त्रास होत नाही. आणि रोज बारीक काम करणारा हात थरथरत नाही. आमच्या मते या म्हणीतला खरा शहाणपणा इथे आहे.

म्हणून जुनी पद्धत अगदी निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. शेटने हात साबणाने धुतले होते का, तार पकडायचा चिमटा आधी कुठे ठेवला होता, हे त्या काळी कुणी विचारत नसे. पूर्वी बाळे धनुर्वाताने दगावत, त्यामागे नाळ कापण्यातली अस्वच्छता हे मोठे कारण होते, पण जखम कुठलीही असली तरी जंतूंना वाट मिळतेच. आज बाळाला धनुर्वातापासून वाचवणारी लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मिळते. ते डोस पूर्ण होईपर्यंत कान टोचायला थांबावे असे बरेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. बारशालाच टोचले पाहिजेत असा आग्रह घरातल्या वडीलधाऱ्यांनी थोडा सैल केला तर चालण्यासारखे आहे.

तसा थांबण्याला जुना आधारही आहे. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय याच विषयावर आहे. तिथे बाराव्या दिवसाचे नाव नाही. बाळ सहा किंवा सात महिन्यांचे झाल्यावर, शुक्लपक्षात कान टोचावेत असे सांगितले आहे. बाळाला मांडीवर घेऊन खेळण्याने रमवावे, वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरावा आणि सूर्याचा किरण आरपार दिसतो अशा नैसर्गिक जागी उजव्या हाताने हळूहळू, सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. मग भोकात कापसाची वात आणि तेल.

हे सूर्यकिरणाचे प्रकरण तुम्ही स्वतः करून पाहू शकता, टोचायची मुळीच गरज नाही. अंधाऱ्या खोलीत मैत्रिणीच्या कानामागे छोटी बॅटरी धरा. कानाची पाळी लालसर उजळते, कारण तिच्यात रक्त खेळत असते. नीट पाहिले तर कुठे कुठे बारीक शिरांच्या गडद रेघा दिसतात. सुश्रुताने नेमक्या याच शिरा टाळायला सांगितल्या आहेत. त्यांतल्या तिघींना त्याने नावेही दिली आहेत: कालिका, मर्मरिका आणि लोहितिका. अडाण्याने भलत्या जागी टोचले आणि या शिरा दुखावल्या तर ताप, जळजळ, सूज, गाठी होतात, असे तो लिहितो. लोहितिका दुखावल्यावर मान ताठणे आणि शरीराला झटके येणे ही लक्षणे दिली आहेत, ती वाचताना आपल्याला धनुर्वाताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्या काळी जंतू कुणी पाहिले नव्हते, म्हणून दोष शिरेला दिला गेला असावा. पण निरीक्षण किती बारकाईचे! त्याच अध्यायात तुटलेली पाळी जोडण्याचे 15 प्रकार आहेत. म्हणजे कान टोचण्यात आणि जड दागिने घालण्यात पाळ्या तुटत होत्या, हेही त्यावरून कळते.

आता दुसरा प्रयोग. आपल्या कानाची पाळी दोन बोटांत धरून दुमडा. मऊ आहे, हवी तशी वळते. आता बोटे वर न्या आणि कानाची वरची कड दुमडून सोडा. ती लगेच पूर्ववत उभी राहते. पाळीत चरबी आणि मऊ ऊती आहेत, वरच्या भागात कूर्चा आहे. नाकाच्या शेंड्यालाही कूर्चाच असते. कूर्चेमध्ये स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, हे तुम्ही ऊतींच्या धड्यात वाचता. तिला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो तिच्यावरच्या पातळ आवरणातून झिरपून. हे एक वाक्य परीक्षेपुरते पाठ करण्याचे नाही. रक्त पोचत नाही तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहज पोचत नाहीत आणि औषधही सहज पोचत नाही. टोचलेल्या जागी आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला तर कूर्चेचे अन्न तुटते, ती आतून विरघळू लागते. कानाचा डौल कूर्चेवरच उभा असल्यामुळे कान चुरगळल्यासारखा होतो आणि गेलेला आकार शस्त्रक्रिया करूनही पूर्वीसारखा मिळवणे कठीण असते.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. 2000 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात असे प्रत्यक्ष घडले. दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कान टोचून घेतलेल्यांपैकी 7 जणांना स्यूडोमोनस नावाच्या जीवाणूची लागण झाल्याचे सिद्ध झाले, आणखी 18 जणांबद्दल तसा संशय होता. ते सातही जण 10 ते 19 वर्षांचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. चौघांना रुग्णालयात ठेवावे लागले, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. पाळीपेक्षा वरचा भाग टोचलेल्यांना त्रास होण्याचे प्रमाण जास्त होते. शोध घेतला तेव्हा तेच जीवाणू दुकानातल्या जंतुनाशकाच्या बाटलीत सापडले! स्यूडोमोनसला पाणी आणि ओल आवडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घराच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात, हे लक्षात घ्या. त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट पालकांसाठी महत्त्वाची आहे. बहुतेकांना सुरुवातीला दिलेली प्रतिजैविके या जीवाणूवर चालणारी नव्हती. म्हणून घरात उरलेल्या गोळ्या देऊन पाहू, हा विचार अशा वेळी करू नये. कान वरच्या भागात टोचला आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कुणी म्हणेल, मग आपल्या बायका बुगडी कुठे घालत? पुरुष भिकबाळी कुठे घालत? कानाच्या वरच्या भागातच. खरे आहे. ती हौस जुनी आहे, आणि तिच्यातला धोकाही जुनाच आहे. पण ते काम जाणता हात करी, घरातली मोठी माणसे समोर असत आणि पुढे कित्येक दिवस त्या कानाकडे लक्ष असे. कुलूप लावलेल्या न्हाणीघरात, आरशासमोर, एका हातात पिन धरून ते होत नसे.

आता "आम्ही सुई निर्जंतुक करून घेतो" या म्हणण्याकडे वळू. मेणबत्तीच्या ज्योतीतून सुई दोनदा फिरवली की झाले, असा समज आहे. प्रयोगशाळेत जंतूंचे काम करताना तारेचे कडे ज्योतीत धरतात ते लाल होईपर्यंत, आणि ती ज्योत निळी असते. मेणबत्तीची पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन. तिची काजळी सुईवर बसते आणि काजळीसकट सुई कानात जाते. लाल होईपर्यंत तापवली तर सुई मऊ पडते, आणि निवायला ठेवायची कुठे? टेबलावर?

पाणी उकळून त्यात सुई टाकली तर बहुतेक जीवाणू मरतात. पण धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू असतात, ते कठीण कवचाचे. 100 अंशांच्या पाण्यात ते तग धरू शकतात. रुग्णालयात म्हणूनच ऑटोक्लेव्ह वापरतात. त्यात दाबाखालची वाफ 121 अंशांपर्यंत जाते आणि ती 15 ते 20 मिनिटे तशीच राखावी लागते. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचेच. मात्र सुई कुकरमध्ये शिजवली म्हणून प्रश्न मिटत नाही. बाहेर काढल्यावर ती ज्या बोटांनी धरायची ती बोटे, ज्या कातडीत घालायची ती कातडी आणि मागोमाग जी कुडी घालायची ती कुडी, यांतले काही कुकरमध्ये गेलेले नसते.

बर्फ लावल्याने कान बधिर होतो, स्वच्छ होत नाही. ज्या कप्प्यात बांगडे ठेवलेले असतात त्याच कप्प्यातला तो बर्फ. शिवाय गारठलेली पाळी टणक होते आणि सुई वाकडी जाते. कानामागे बटाट्याची फोड धरण्याची युक्ती तर सगळ्यांत वाईट. बटाटा मातीत वाढतो आणि धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे आपण ऐकतो. त्यात दोष गंजाचा नसतो, खिळ्याला लागलेल्या मातीचा आणि शेणाचा असतो. स्वच्छ दिसणारी चकचकीत पिन अंगणात पडून उचललेली असेल तर ती खिळ्याइतकीच धोक्याची. जंतू शिरल्यापासून साधारण 3 ते 21 दिवसांनी लक्षणे दिसतात. सुरुवात बहुधा जबडा आखडण्याने होते. तोपर्यंत भोक भरूनही आलेले असते आणि त्याचा या दुखण्याशी संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

मैत्रिणींनी मिळून एकाच पिनेने कान टोचणे ही गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त काळजीची वाटते. त्यात प्रेम असते, हे आम्ही जाणतो. पण रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही निदान 7 दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातही तो असू शकतो. ज्याला ही लागण असते त्याला स्वतःलाही अनेकदा ती माहीत नसते. हिपॅटायटिस सीचाही प्रसार रक्तातूनच होतो आणि त्यावर तर लसही नाही. जत्रेत एकाच भेळेची पुडी वाटून खावी, पिन वाटून घेऊ नये.

भोक पडल्यावर त्यात काय घालतात तेही पाहू. शिरगावच्या जत्रेत किंवा पेडण्याच्या पुनवेला दहा-वीस रुपयांत मिळणाऱ्या खोट्या कुड्यांमध्ये बऱ्याचदा निकेल असते. बऱ्या झालेल्या कानाला ती तासभर घातली तर बहुतेकांना काही होत नाही. ताज्या जखमेत मात्र निकेल थेट आत उतरते आणि काहींच्या शरीराला त्याची ॲलर्जी जडते. कानाला खाज येते, पाणी सुटते, खपल्या धरतात. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. मग घड्याळाच्या पट्ट्याची कडी आणि पँटचे बटणही टोचू लागते. भोक बुजू नये म्हणून झाडूचा हीर मोडून घालायची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्या झाडूने सकाळी काय काय झाडले होते ते आठवा म्हणजे पुरे.

स्वतःच्या हाताने टोचताना आणखी एक अडचण येते. आरशात उजवे-डावे उलटते, मागची बाजू दिसत नाही. पुढून मधोमध वाटणारे भोक मागे पाळीच्या कडेला निघते. तिथे झुमका घातला की वर्षा-दोन वर्षांत भोक लांबत जाऊन पाळी चिरते. वेदनेने किंवा रक्त पाहून भोवळ येणारीही असतात, आणि न्हाणीघराची फरशी कठीण असते. घट्ट फिरकी लावून रात्री झोपले आणि कान सुजला तर फिरकी पाळीत रुतून बसते, ती डॉक्टरांनाच चिरा देऊन काढावी लागते. काहींच्या जखमेवर वाटाण्यासारखी, पुढे लिंबासारखी गाठ वाढते, तिला केलॉइड म्हणतात. घरात कुणाला अशी गाठ आली असेल तर कान टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. जन्मतः हृदयाचा दोष असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा रक्त लवकर न थांबणाऱ्या मुलामुलींनीही तसेच करावे.

मग टोचायचे कुठे? आई-वडिलांना सांगून, ओळखीच्या शेटकडे किंवा डॉक्टरांकडे. कान-नाक-घशाचे डॉक्टर हे काम करतात. पाळीच टोचावी, वरचा भाग टोचायची घाई शाळेच्या वयात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेटकडे गेल्यावर विचारायला लाजू नका: हात धुतले का, तार नवी आहे का, चिमटा स्पिरिटने पुसला का? चांगला कारागीर रागावत नाही. ब्यूटी पार्लरमधली टोचायची बंदूक बहुधा प्लॅस्टिकची असते, ती ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही आणि तिचा जोराचा धक्का कूर्चेला मानवत नाही. हरमल, मोरजीच्या बाजूला पर्यटकांसाठी गोंदणाची आणि टोचण्याची दुकाने आहेत. त्यांतली काही नीट काम करतात. पण बंद पाकिटातली सुई तुमच्यासमोर फोडली नाही तर उठून यावे.

टोचल्यानंतर पाळी बरी व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात, कूर्चेला कित्येक महिने. रोज साबणाने हात धुऊनच कानाला हात लावावा, उकळून गार केलेल्या मीठपाण्याने जागा हलकेच पुसून कोरडी करावी. एरवी कुडी फिरवत बसू नये. मये तलाव, ओहोळ, देवळाची तळी आणि समुद्र यांपासून कान बरा होईपर्यंत दूर राहावे. शिगम्याच्या आसपास कान टोचू नयेत, गुलालाचा कण ताज्या भोकात गेला तर काय होते ते सांगायला नको. पहिले काही दिवस थोडी लाली आणि किंचित चिकट पाणी हे चालते. दुखणे उतरण्याऐवजी वाढत गेले, कान गरम लागला, पिवळा-हिरवा पू आला, ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पाळी बरी दिसते पण वरचा कान लाल, सुजलेला आणि हात लावू न देणारा झाला, तर तो कूर्चेचा त्रास असण्याची शक्यता असते. अशा वेळी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. कुडी काढायची की ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. स्वतः ओढून काढली तर भोक वरून मिटून पू आतच अडकू शकतो.

आणि ज्यांनी आधीच गुपचूप टोचले आहे त्यांच्याशी दोन शब्द. केस पुढे घेऊन कान झाकता येतो, पण पू थांबत नाही. बाई रागावतील, आई ओरडेल, बाबा काय म्हणतील, या भीतीने चार दिवस जातात, आणि कूर्चेच्या बाबतीत तेच चार दिवस मोलाचे असतात. घरी सांगवत नसेल तर वर्गशिक्षिकेला सांगा, आम्ही तुमच्याबरोबर घरी येऊन बोलू. पालकांनाही विनंती आहे, मुलीचा किंवा मुलाचा सुजलेला कान दिसला तर आधी डॉक्टरांकडे न्यावे, बोलायचे ते परत येताना बसमध्ये बोलावे. जाताना लसीचे कार्ड बरोबर घ्यावे. धनुर्वात आणि घटसर्प यांची टीडी लस 10 व्या आणि 16 व्या वर्षी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पाचवीतल्या आणि दहावीतल्या मुलांनी आपल्या कार्डावर ती नोंद आहे का, हे या आठवड्यात पाहून घ्यावे, आणि नसेल तर वर्गात कळवावे.